दोन इंच माया

दुपारी दोन चाळीसला फोन वाजला,
मागे कुणीतरी अजून शिवतच होतं.
"बेन, एक माणस पडी गयो छे."

खारीवाव रोड. पिको-फॉलचं दुकान.
समोर पूर्वी घड्याळवाला होता, ती म्हणाली.
घाबरलेली माणसं पत्ता असाच देतात,
जे आता नाही त्याच्या शेजारचा.

पडलेला सिलिंडरवाला. राठवा.
पुढचं नाव तिला ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं तो हा जिना चढतोय, एवढंच.

श्वास आहे का?
"घोरतोय. झोपल्यासारखा घोरतोय."
तो श्वास नाही, मी म्हटलं.
हे वाक्य प्रशिक्षणात सतरा वेळा घोकून घेतलं होतं,
तरी अजून भातातल्या खड्यासारखं दाताखाली येतं.

फोन खाली ठेवा, त्याच्या कानाशी. स्पीकर लावा.
छातीच्या मधोमध तळहाताची टाच,
तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ.
आता दाबा, आणि मोठ्यानं मोजा.

एक, बे, त्रण, चार, पांच,
आणि मग ती म्हणाली, सहा.

सहा.
म्हणजे पाढे हिनं माझ्याच भाषेत पाठ केले होते.
मीही सातपासून घरी आले.

ताई, घाई होतेय. घाईत हात उथळ पडतो.
खोल जाऊ द्या. दोन इंच.
"दोन इंच?"
पहिल्यांदाच तिचा आवाज कापायचा थांबला.
हो. ब्लाउजला माया सोडता ना, तेवढं.
आणि दर वेळी पूर्ण सोडा, छाती वर येऊ द्या.

मग ते ऐकू आलं:
फरशी, बांगडी, फरशी, बांगडी,
मिनिटाला एकशे दहाच्या आसपास,
आणि मध्येच, "आत काहीतरी कटकन् झालं हो!"
होऊ दे. बरगडी जुळते.
पुढचं वाक्य मी बोलले नाही.
थांबू नका. एकोणीस. वीस.

गाडी न्यायमंदिरापाशी अडकलेली.
माझ्या पडद्यावर ती एक निळा ठिपका, हलेना.
चहावर साय धरली.
"निशा, तू ये, माझे हात गेले," आणि एक कोवळा आवाज
रडत रडत एकपासून सुरू झाला.
तिलाही मी तेच सांगितलं. तीच दोन इंचं.

नऊ मिनिटं.
मग जिन्यात बूट, "खसो, खसो,"
काहीतरी धातूचं आपटलं,
आणि कुणाच्या तरी पायानं फोन बंद झाला.

आमच्याकडे शेवट येत नाहीत.
गाडी पोचली की ओळ हिरवी होते.
पुढचा फोन पादऱ्याहून, विंचू.

तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी,
मोरपंखी साडी पिशवीत घालून गेले.
जिना अरुंद, मधल्या वळणावर रंग खरवडलेला.
ती मला वाटली होती त्याहून म्हातारी,
डाव्या मनगटाला क्रेप बँडेज.
कोपऱ्यात सिलिंडर होता.
कुणी आणला ते सिलिंडरवर लिहिलेलं नसतं.

साडीची कड उलटून ती म्हणाली, हिला फॉल आहे की.
बदलायचाय, मी म्हटलं, हळूच.
इतक्या हळू की आवाज माझा वाटू नये.
आगाऊ पैसे?
मी दहाच्या नोटा काढल्या, सवयीनं मोजल्या,
एक, दोन, तीन, चार, पाच,
सहा.

कात्री थांबली.
तिनं मान वर केली नाही.
"मोजा," ती म्हणाली, "तीसपर्यंत मोजा."

नोटा आठच होत्या.
नऊ, मी म्हटलं.
दहा.