पेवात, पंचवीस हजार सहाशे

दोन बॉडी आणल्या होत्या, सोमवारी परत द्यायच्या बोलीवर.
हरिपुरात पुरातनं वाचलेलं एक पेव उघडणार होतं.
म्हटलं, अंधार बघायचा तर तिथला बघू,
स्टुडिओतला अंधार म्हणजे आपणच ओढलेला पडदा.

तोंडावरची माती सकाळीच काढली होती.
दुपारपर्यंत कुणी उतरलं नाही.
आतली हवा माणसाला चालत नाही,
आधी ती बाहेर यावी लागते.
मग नेमगोंडा उतरला, कमरेला दोर,
मागून मी, गळ्यात दोन कॅमेरे.

फ्लॅश नाही. वरनं येईल तेवढाच उजेड,
ताटाएवढा गोल.
चौसष्टशे. बारा हजार आठशे.
पंचवीस हजार सहाशेला तो म्हणाला,
"गावतंय का काय, सायेब?"
मला शिंक आली. तो फोटो हलला.

रात्री वखारभागात, शटर ओढून,
मॉनिटरवर शंभर टक्के.
पहिल्या बॉडीत दाणाच दाणा.
सावलीला जांभळट पुरळ,
कानाच्या पाळीशी लाल-हिरवे कण,
आणि मधे, हवेत, पिवळे.
ते कुणाचे? सेन्सरचे की हळकुंडाचे?
हिस्टोग्राम काही बोलत नाही,
त्याला हळद ठाऊक नाही.

दुसरी बॉडी स्वच्छ. दोन स्टॉप पुढे, बिनतक्रार.
काळं ते काळंच.
भिंतीला लावलेला उसाचा पाला मात्र लोण्यासारखा सपाट,
नेमगोंडाच्या गालावरचे देवीचे वण भरून आलेले,
हवा रिकामी.
वहीत साडेनऊ लिहिले, दहापैकी.

रविवारी दोन्ही प्रिंट त्याला दाखवल्या.
त्यानं हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिलं.
"ह्यात मी लग्नातला वाटतोय,
हळद उतरवून न्हाऊन आल्यागत."
दुसऱ्या कागदावरनं अंगठा फिरवला,
"ह्यो मी. अजून अंग झाडलेलं न्हाई."

तरी माझं ठरेना.
जांभळी हळद तर कुठल्याच पेवात नसते,
ते त्याला कसं सांगू?
साडेनवावर काट मारली,
पुढे आकडा लिहिला नाही.

सोमवारी दुकानात मालकानं दुसरी बॉडी,
ती स्वच्छवाली, उलटीसुलटी केली,
हॉट-शूच्या खाचेत नख घातलं.
पिवळं निघालं.
त्यानं ते आधी हुंगलं, मग पँटीला पुसलं.
"साफसफाईचे दोनशे होतील."
दिले.