बावन्न माणसांची होडी

दारूखान्यात जहाजं मोडतात, तिथून आणली ती,
टेम्पोवर उलटी बांधून, माहूलच्या चिखलापर्यंत.
कुठल्याशा मालवाहू बोटीची जीव वाचवायची होडी.
नारंगी रंग सोललेला, खाली ॲल्युमिनियम
जळक्या टोपाच्या बुडासारखं.
कडेला परक्या लिपीत नाव, आणि आकडा: ५२.
एवढी माणसं हिच्यात बसणार होती कधीतरी.
बसली नसावीत.
बाकांच्या खाचांत अजून कारखान्याचा भुगा होता.

किंमत: माझ्या चार बांगड्या, वर तीन हजार.
हे घरात कोणी बोललं नाही. मीही नाही.
जगदीप बार्जवर आहे, असं आम्ही विचारणाऱ्याला सांगतो.

जोमा तांडेल, माझे सासरे, गेली पाच वर्षं
माझ्याशी बोलतात ते भिंतीकडे बघून.
भिंतीला म्हणाले, आधी हिला पाणी पाजू.
म्हणजे खाली चार टायर, वर होडी,
आणि खाडीचं पाणी, बादलीमागून बादली, आत.
बाहेरचं आत येतं तेव्हा भोक लपून बसतं;
आतलं बाहेर येतं तेव्हा थेंबच जागा दाखवतो.
मी खाली, कोपरांवर, तन्मेशच्या दप्तरातला खडू घेऊन.
ओल्यावर खडू उठत नाही.
पुसायचं, आणि पुढचा थेंब धरायच्या आत गोल काढायचा.
एक्केचाळीस रिबीट.
शिवाय नाळेजवळची शिवण, वीतभर.
ती गळत नव्हती, तिला नुसता घाम होता.

हार्डवेअरवाल्याने पोकळ रिबीट दाखवले, झटपट बसणारे.
सासरे काउंटरला म्हणाले, नळीनं पाणी थांबतं व्हय?
तांब्याचे दाखवले.
तांबं न हे एका घरात नांदत नाय,
खारं पाणी चुगल्या लावतं.

मग ते आत, हातोडा घेऊन,
मी खाली, सासूबाईंच्या तराजूतलं दोन किलोचं वजन
रिबिटाच्या डोक्याला टेकवून.
वजनावर दरसालचे शिक्के आहेत,
शेवटचा, त्या गेल्या त्या वर्षीचा.
एक ठोका: धरलंस का.
दोन ठोके: पुढचा.
नीट धरलं तर आवाज ठस्स येतो, भरलेल्या मडक्यासारखा.
हात सैल पडला की टण्ण,
आणि वरून हातोडा थांबतो, रागावत नाही,
वाट बघतो.
बत्तीस नुसते ठोकून बसले.
नऊ कुजलेले; ते पाडून एक नंबर जाड घातले.

कानात कापूस होता माझ्या. त्यांना तो दिसला होता.
पण पत्रा बोलणं धरून ठेवत नाही.
सव्विसाव्याला की सत्ताविसाव्याला
ते होडीला सांगत होते, हळू,
लेकराला दटावतात तसं:
तिच्या बांगऱ्या हान तुझ्यान. बुडलीस तं बघ.

मी वजन तसंच दाबून धरलं.
त्या वेळी ठोका बराच उशिरा आला.

शिवणीचं काम दुसऱ्या दिवशी.
तारेच्या ब्रशने घासून घासून तिला नवी नवरी केली,
स्टोव्हची आच लांबून दाखवली.
ऊब लागली की फट श्वास सोडते
आणि पातळ रेझिन आपणहून आत जातं.
ढकलावं लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं.
रिफायनरीची ज्योत खाडीत हलत होती,
तेवढ्या उजेडात मी तळहात फिरवला
एका गोलावरून दुसऱ्या गोलावर.
कोरडं. कोरडं. शिवण कोरडी.
आणि कण्याच्या मागे, जिथे मी खडू नेलाच नव्हता,
एक ओला.

सांगितलं नाही. भिंतीमार्फत काय सांगणार.
भात टाकला. रात्रभर मनात तो थेंब मोजत राहिले.

पहाटे बाहेर आले तर होडी उपसून ठेवलेली,
खाली चिखलात नखाएवढा खळगा,
त्यानेच चुगली केली असणार.
आतून खोकल्याचा आवाज.
मग एक ठोका.

मी वजन पदराने पुसलं
आणि टायरांमधून आत सरपटले.