रात्री लिहितो

रात्री दीड. मोकळी मेमरी अकरा मेगाबाइट.
दिवाडीत, मामाच्या बंद दुकानाच्या माळ्यावर
मी मुद्दाम कोंडलेलं यंत्र बघत बसले आहे.
शेवटची फेरी केव्हाच धक्क्याला निजली.

कर्नल एरवी साठवणारा.
वाचलेलं प्रत्येक पान जवळ ठेवतो,
रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असं मानून.
पण पाणी खुणेखाली उतरलं
की त्याचा रात्रपाळीचा गडी उठतो,
रांगेच्या शेपटाकडून एकेक पान उचलून विचारतो,
तुला इतक्यात कुणी हात लावला?
लावला असेल तर खूण पुसून परत रांगेत. एकदा माफ.
नसेल, आणि डिस्कवर जसंच्या तसं असेल,
तर सोडून देतो, हळहळत नाही.
हवं तर पुन्हा वाचता येईल.

अडवतात ती मळलेली पानं.
इथे बदललेली, तिथे अजून जुनीच.
ती टाकायची नाहीत. आधी लिहायची.

पुरसोमामा दिवसा काही लिहीत नसे.
इनासिनाचं खोबरेल, काशिनाथ रेंदेराची दोरी,
बाईंच्या दोन वह्या आणि मागचे साडेसात,
सगळं डोक्यात.
फळ्या लागल्या की चष्मा, लाल कापडाची वही
आणि बोटाला थुंकी.
फक्त बोंदेरांच्या दिवशी, गर्दी उसळली तर म्हणे,
"थांब मरे, आधी मागचं उतरवतो,"
आणि गिऱ्हाईक फळीला टेकून उभं राही.
माझ्या कोडमध्येही तेच आहे:
जो फार मळवतो, त्याला थोडं थांबवा.

तो गेला एका बुधवारी, चार वाजून गेल्यावर,
तराजूत तूरडाळ असताना.
वहीत मंगळवारपर्यंतचं सगळं होतं.

तेराव्यानंतर लोक आले, एकेकटे.
इनासिना म्हणाली, माझे एकवीस, लिही.
काशिनाथाने कंबरेची दोरी सोडून
हाताने मोजून दाखवली, आठ हात.
मालारचा एकजण म्हणाला, मलाच तीनशे येणं.
मामीने दिले. काही विचारलं नाही.
कुणी आलंच नसेल, तर त्याबद्दल वही गप्प आहे.
मामीही.

मी शहरात हे काम शिकले तेव्हा
पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं,
'लिहिलं' या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस.
डिस्कच्या पोटातही एक छोटी आठवण असते,
ती 'हो' म्हणते आणि मागाहून लिहिते.
मी हसले नव्हते.

त्या बुधवारी सकाळी टॉर्चचे दोन सेल नेले होते.
"मांड माझ्यावर," म्हणाले, पायरी उतरता उतरता.
"रात्री," तो म्हणाला, मान वर न करता.

मळलेली पानं चारशे बारा.
मी आज्ञा देते, सगळं उतरव.
तीनशे. एकशे साठ.
खाली रिकाम्या दुकानात उंदीर काहीतरी ढकलतो.
चाळीस. नऊ.
दिवा एकदा मिटून उघडतो.
नऊ.