तुमची सिस्टीम अद्ययावत आहे

मालन चिकणे फोन काउंटरवर ठेवतात,
आधी पदराने पुसून.
तरी मिरचीचा खकाणा येतोच नाकात.
वाशीच्या मसाला मार्केटात दिवसभर देठं खुडायची,
बोटांचे ठसे कधीचेच झिजले,
म्हणून त्या आकडे दाबून उघडतात तो:
मुलाचं जन्मसाल, मोठ्याने म्हणत.

"बँकेचं उघडंना झालंय बघ."

पडद्यावर दोन ओळी.
हे ॲप या फोनवर आता चालणार नाही.
कृपया सिस्टीम अपडेट करा.

करतो.
सेटिंग, खाली, अजून खाली,
एक गोल फिरतो, दमतो, थांबतो,
आणि हिरवी खूण दाखवून फोन म्हणतो:
तुमची सिस्टीम अद्ययावत आहे.
खाली बारीक अक्षरात,
शेवटचा सुरक्षा पॅच: ५ ऑक्टोबर २०२१.

"अद्ययावत म्हंजी?"
म्हणजे, आजपर्यंतचं सगळं आहे त्यात.
"मंग बेस हाय की."

माझं दुकान चार बाय सहा,
कोपरखैरण्यात, माथाडींच्या घरांच्या तोंडाशी.
सिडकोने एकेक खोली दिली होती,
लोकांनी तिच्यावर दोन मजले चढवले,
जिना बाहेरून काढला, टाकी बसवली.
शेजारी भांडीवाल्याकडे
तीस वर्षांपूर्वीच्या कुकरची रिंग मिळते.
बनवणारा कारखाना बंद झाला असेल,
रिंग मिळते.

पॅच म्हणजे ठिगळ, मी सांगतो.
रोज कुठेतरी भोक पडतं, चोर शिरतो,
ते शिवायचं.
"मंग शिव की."
ते कंपनीनेच शिवायचं असतं.
लाखाच्या फोनला शिवते ती, सात-सात वर्षं.
साडेसात हजारांच्याला दोन वर्षं, तेही रडत-रखडत.

त्या हसतात. पुढचा एक दात नाही.
"नव्या लुगड्याला ठिगळं
आन विटक्याला न्हाई?
कुठल्या गावची ही रीत!"

भाचा प्रणित ऐरोलीला आयटीत आहे.
त्याला विचारलं होतं, तर म्हणाला,
मामा, एक ठिगळ म्हणजे शंभर मॉडेलांवर तपासणी,
चिपवाल्याची मनधरणी, पोरांचे पगार.
साडेसात हजारांत कंपनीला सुटतात किती?
दोनशे रुपये.
दोनशे रुपयांत किती वर्षं राबायचं माणसाने?

खोटं नव्हतं बोलत तो.
मीही नव्या स्क्रीनची गॅरंटी एकच महिना देतो,
आणि एकतिसाव्या दिवशी
आलेल्याचा चेहरा ओळखत नाही.

एकदा रात्री जागून
अशाच एका फोनमध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर घातलं.
कोकरासारखा उधळला बेटा.
बँकेने मात्र दारात उभा केला नाही त्याला.

"मोडलाय का ह्यो?"
नाही.
"काच?"
चांगली आहे.
"बॅटरी?"
दिवाळीत मीच बदलली ना, मावशी.
"मंग?"

या मगचं काय करायचं,
पाना आहे माझ्याकडे, हीटगन आहे,
भिंग आहे, सोल्डर आहे.

फोन कमरेच्या पिशवीत सरकवत त्या म्हणाल्या,
"गोळ्यांच्या पाकिटावर असती तशी
तारीख छापायची खोक्यावर.
आमी काय, वाचून घेतलं असतं.
सालभराचा घेतला असता, सालभराच्या भावात."

गेल्या. बँकेत जाऊन रांग लावणार होत्या,
म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

दुसऱ्या दिवशी काळा मार्कर आणला.
काचेआड अकरा जुने फोन आहेत विकायला.
प्रत्येकाची तारीख शोधली, पाठीवर लिहिली.
चार तर आधीच गेलेले निघाले,
तेही लिहिलं.

आज सतरा दिवस झाले.
लोक वाकून वाचतात,
एकमेकांकडे बघतात,
आणि पुढच्या गल्लीतल्या दुकानात जातात.
तिथे सगळ्यांच्या पाठी कोऱ्या आहेत.