विचाराधीन

सहा वर्षं हे मीच लिहीत आलेय:
'आपला अर्ज विचाराधीन आहे.
कृपया पुन्हा पुन्हा चौकशी करू नये.'
डुलुथच्या काउंटी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
हीटिंग भत्त्याच्या टेबलामागे बसून
दिवसाला तीसेक पाकिटं.
खाली सही, ब्रि. हायकिनेन,
आणि सहीच्या खाली कोरा कागद.

फेब्रुवारीपासून तेच वाक्य मला येतंय.

पाच विद्यापीठं. सार्वजनिक धोरण, दोन वर्षं.
निबंधात मी एल्मर ऑस्टबींना घातलं, विचारून.
ते दर मंगळवारी फोन करतात,
तळघरातल्या टाकीत काठी बुडवतात
आणि ओल कुठवर आली ते सांगतात.
'आज चार बोटं, मिस.'
'आज तीन.'
मी लिहिलं की नियम चुकीचा नाही,
त्यातली तारीख चुकीची आहे;
मंजुरी निघते तोवर थंडी निघून गेलेली असते.
फार आवडलं होतं मला ते वाक्य.
आता वाटतं, त्यांच्या तीन बोटांवर
पाय देऊन मी वर चढू पाहिलं.

पहिला नकार सभ्य होता,
इतका की दोनदा वाचावा लागला.
दुसरा आला किराणा दुकानाच्या रांगेत,
पुढच्या बाईची सुटी नाणी मोजून होईतो
सगळं उरकलं.

तिसरं पत्र 'अभिनंदन' म्हणालं.
उचलपुलाजवळ गाडी बाजूला घेतली,
बाबांना फोन लावला,
स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मग चौथा परिच्छेद.
माशात काटा असावा तसा तो आत असतो.
'आर्थिक साहाय्याबाबत, तूर्त'
आणि वर्षाच्या फीचा आकडा,
माझ्या पगाराहून चार हजारांनी मोठा.
बाबा म्हणाले, घर आहे की. गहाण टाकू.
खनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं राबून
गेल्याच साली सुटलेलं घर.
मी म्हटलं, थांबा.

पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे.
तोवर कुणीतरी, कुठेतरी,
आपल्या वाट्याची शिष्यवृत्ती नाकारेल
आणि ती घरंगळत यादीत खाली येईल.
त्या माणसाचं नाव मला माहीत नाही.
रात्री पोर्टलवर करडं वर्तुळ फिरत असतं
तेव्हा मी त्याचं भलं चिंतते:
त्याला दुसरीकडे जास्त मिळो,
समुद्राजवळचं शहर मिळो,
त्याची मैत्रीण तिथेच राहत असो.
इतक्या मनापासून मी
ओळखीच्या कुणासाठी काही मागितलेलं नाही.

उरलेली दोन विद्यापीठं गप्प आहेत.
सरोवरही. बर्फ फोडणारी बोट
रोज सकाळी जाऊन वाट करते
आणि रात्रीत ती पुन्हा गोठते.

या आठवड्यात मी पत्रातलं दुसरं वाक्य काढून टाकलं.
वरच्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.
फोन दुप्पट येतात.

आज मंगळवार.
'दोन बोटं,' ऑस्टबी म्हणाले, 'पण ऊन आहे.
माझी टाकी पोचली का विद्यापीठात?'
टाकी पोचली, मी म्हटलं, पैसे नाही पोचले.
ते हसले, मग खोकले, बराच वेळ.
पलीकडे त्यांचा रेडिओ हवामान सांगत होता.
'म्हणजे तुम्हीही विचाराधीन.'
हो.
'मग बघा की काठी घालून,' ते म्हणाले,
'किती बोटं उरलीत?'

कचेरीत इतर फोन वाजत होते.
मी रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला
आणि टेबलावरचा स्वतःचा हात
पहिल्यांदाच पाहावा तसा पाहत राहिले.