खाडे

दूधवाल्याचे खाडे आई कॅलेंडरवर लिहायची.
महिनाअखेर तो दारात आला
की चौकटी मोजायची, मोठ्यानं,
त्याला ऐकू जाईल अशी.

लोवेलला आले, तर ही खोड बरोबर आलेली.
डोनेलीच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी,
आठ तास, दहा, एकदा साडेअकरा,
बर्फानं पुढच्या पाळीची बस अडवली तेव्हा.
घरी येऊन बूट काढायच्या आधी
संकष्टीच्या चंद्रोदयाखाली आकडा: ९॥
न गेले त्या दिवशी: खा.

मार्चात एका मंगळवारी दाराला साखळी.
आत यंत्रांत चादरी भिजलेल्याच.
काचेवर कागद, सगळ्यांचे आभार मानणारा.
पाच आठवड्यांचा पगार,
नाताळचा बोनस, जो ईस्टरला नक्की मिळणार होता,
त्यांच्याबद्दल अक्षर नाही.

डोनेली फोन उचलेना.
त्याची मुलगी उचलायची आणि रडायची.
मीच म्हणायचे, असू दे गं.
फोन ठेवला की माझा मलाच राग.

शेजारच्या इस्त्रीवरची सोफिआप म्हणाली,
तू रोज काहीतरी लिहितेस ना?
तिची माझी पाळी एकच.
तिनं दाढ काढली तो दिवसही
माझ्याच चौकटीच्या कोपऱ्यात होता.

सुनावणीत त्यांचा वकील म्हणाला,
हे तर धार्मिक पंचांग आहे.
अधिकारी बाईंनी चष्मा चढवला.
या दोन उभ्या रेघा?
अर्धा तास.
आणि हे अक्षर?
खाडा. कामावर न गेलेला दिवस.
न गेलेले दिवस तुम्ही कशाला लिहून ठेवलेत?

मला प्रश्नच कळला नाही.
आलं नाही त्या दुधाचे पैसे द्यायचे नसतात, बाई.
आलं त्याचे द्यायचे असतात.
दुभाष्यानं दूध गाळून सांगितलं असावं,
तरी त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

कॅलेंडर त्यांच्या फायलीत राहिलं,
पाठीवर शिक्का, आतल्या पानांवर फोडणीचे डाग.
आईची तिथी त्या वर्षी
भावाला फोन करून विचारावी लागली.

निकाल आमच्या बाजूनं. पैसे तीन हप्त्यांत.
दोन आले. सोफिआपनं दात बसवून घेतला.
नव्या कॅलेंडरवर पाच तारखेला
मी लिहिलंय: खा.

उद्या फोन करीन. मुलगीच उचलेल.
तिला रडू द्यायचं,
मग चौकटी मोजायच्या.