सहा आठवडे

तीन वर्षांत हारिका यमूल एकदाही उशिरा आली नव्हती.
त्या सोमवारी आली ती डावा हात
ओढणीत गुंडाळून, कुणाचं तान्हं आणावं तशी.

विशारदला एकवीस दिवस.
मी विचारलं, रेला बसला का?
ती म्हणाली, सर, तांब्या उचलवत नाही.

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं,
गुरूंचं, त्यांच्या गुरूंकडून आलेलं,
वापरून गुळगुळीत:
दुखतंय म्हणजे हात तयार होतोय.
या खेपेला ते ओठाबाहेर येईना,
म्हणून खालीकडे वळलो.
बघ, तीनतालातसुद्धा नवव्या मात्रेला...
"दाखला नको, सर. दुखतंय."

खालच्या गिरणीत कुणाची तरी ज्वारी पडत होती.
तेवढाच आवाज.

संध्याकाळी विडी घरकुलला गेलो.
तिची आई मांडीवर सूप घेऊन,
हजाराचा हिशेब बोटांत,
नजर माझ्याकडे.
"नोप्पि," म्हणाली मनगट पुढे करून.
लेकीचं नाही, स्वतःचं.
"शंभर झाल्या की मी हात पाण्यात घालते.
मला कुणी शिकवलं नाही.
तुम्ही तर शिकवता ना?"

अंबादास पाळीवरून आले. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं.
तीस वर्षं मागाशेजारी उभं राहून
लेकीच्या चाटीचा 'ना' त्यांना ऐकू येत नाही आता.
डग्ग्याचा 'घे' तेवढा पोचतो,
तोही फरशीतून, तळव्यांना.
ते म्हणाले, बाण्याचा धागा तुटला, मास्तर,
की माग आपला आपण थांबतो.
नाही थांबला, तर
चादर नाही होत. चिंधी होते.

सिव्हिलमधल्या बाईंनी मनगट दाबून, वळवून पाहिलं.
सहा आठवडे डग्गा बंद.
बैठक बदला, गादी उंच घ्या,
नंतरही दर वीस मिनिटांनी थांबायचं.
मग चष्म्यावरून माझ्याकडे:
आणि तुमचं ते बोट कधीपासून?

मी हात खिशात घातला.
अनामिका. चिल्ला पुरा केला त्या पहाटेपासून.
चाळिसाव्या रात्रीची मेणबत्ती विझली
आणि ते वाकलं ते वाकलंच.
मैफलीत लोकांना वाटतं, ती माझी शैली.

परीक्षा गेली. फॉर्मचे पैसेही गेले.
हारिका येते, हात मांडीवर ठेवून
नुसती पढंत करते,
आणि खरं सांगायचं तर तिचा रेला
इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता.

नव्या पेठेतून एक गजराचं घड्याळ आणलंय.
वीस मिनिटांनी ते किंचाळतं, पोरं दचकतात,
हात उचलून बसतात,
रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून.
हारिका त्यांना अंगठा ताणायला शिकवते.
मीही ताणतो, पेटीच्या आड.

मल्लिनाथ आठ वर्षांचा. काल म्हणाला,
सर, थांबलं की विसरत नाही का?

मला माहीत नाही, बाळा.
मी कधी थांबलो नाही.